आठ हजारांची बंदूक

छर्ऱ्याची बंदूक घ्यायची म्हटलं की आमच्याकडचा माणूस थेट दुकानात जात नाही. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याचं घर गाठतो, चहा पितो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि उठता उठता विचारतो, "तात्या, आठ हजारांत बसंल अशी एखादी सांगा की." बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवर माझं कोंबड्यांचं शेड आहे, खाद्याचं गोदाम आहे, गोठा आहे. घुशींपायी बंदूक हाती आली आणि मग नेम, छर्रे, दुरुस्ती यांचाही नाद लागला. त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याच ओट्यावर येतो. मी बंदुकीचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, "मारायचं काय हाय?"

बोरीकडचा द्राक्षवाला बुलबुल आणि साळुंक्यांचं गाऱ्हाणं सांगतो. डाळिंबवाल्याला वटवाघळांनी छळलेलं असतं. जिरायत पट्ट्यात शाळू हुरड्यात आला की मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. पोपट सगळ्यांच्याच यादीत. नुकसान खरं असतं, त्याबद्दल वाद नाही. पाखरू कणसातलं खातं त्याहून जास्त सांडतं. पण यांपैकी एकावरही बंदूक धरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी पाचवी अनुसूची होती आणि कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं तिच्यात उपद्रवी म्हणून टाकलेली होती. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती यादीच गेली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते. गावात मात्र जुनीच समजूत चालू आहे. "कावळ्याला कुठला आलाय कायदा?" असं मला शिकलेली माणसंही विचारतात. शिवाय शिकारीच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नही येतो, म्हणजे छर्रा चुकला आणि पाखरू उडून गेलं, ही सबब तिथं चालत नाही.

आपण राहतो कुठं, हेही बघायला हवं. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. इंदापूरकडे कडबनवाडीचं माळरान, तिथंही चिंकारे आणि लांडगे. उजनीच्या पाण्यावर भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. अशा मुलखात खांद्याला बंदूक अडकवून मोटारसायकलवरून कुणी निघाला तर वनरक्षक त्याला अडवणारच, आणि अडवावं असंच मला वाटतं. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंगपासून एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी घरातल्या बंदुका आणून दिल्या. घरोघरी एअरगन झाल्या की रानात पाखरू उरत नाही, हे तिकडच्या लोकांनी बघितलेलं होतं.

कायदा बाजूला ठेवला तरी पाखरांपुढे ही बंदूक कुचकामीच. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या बाईला एकही पाखरू मारायचं नसतं. गुंडा सुटताना वादीचा जो फटका वाजतो त्यानं अख्खा थवा उठतो. एअरगनला तसा आवाज नाही. एक पाखरू पडलं तरी शेजारच्या कणसावरचं दुसरं निवांत खात राहतं. बागायतदाराला मी सरळ सांगतो की ते आठ हजार जाळीच्या खर्चात घाल, तोवर चमकणाऱ्या पट्ट्या ताणून बघ. निम्मे लोक इथंच उठून जातात. काही जण रागावूनही जातात.

उरतात ते खाद्याच्या गोदामातले, गोठ्यातले, शेडमधले उंदीर आणि घुशी. तिथंही बंदूक पहिल्या नंबरवर नाही. पोती जमिनीवरून उचलून फळ्यांवर ठेवायची, भिंतीच्या बुडाची बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटनं बुजवायची, पिंजरे लावायचे. शेतात बिळातून झिंक फॉस्फाईडचं आमिष घालणं वेगळं आणि खाद्याच्या थप्पीशेजारी विष ठेवणं वेगळं. विष खाल्लेला उंदीर थप्पीच्या मागं कुठं जाऊन मरेल याचा भरवसा नाही. मुरघासात किंवा पेंडीत तो कुजला तर जनावराला बोटुलिझम होऊ शकतो, आणि त्या दुखण्यातून जनावर वाचणं अवघड. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडानं उचलला तर घुबडही जातं, आणि घुबडाची एक जोडी रात्रभरात जे काम करते ते माझ्या हातून व्हायचं नाही. हे सगळं करूनही एखादी किलोभर वजनाची घूस राहतेच. पिंजऱ्याला ती ओळखून असते. तिच्यासाठी बंदूक.

आता अंतर मोजा. माझ्या गोदामात सगळ्यांत लांबची गोळी दहा-बारा मीटरची. ऑलिंपिकमधली एअर रायफल बरोबर दहा मीटरवरच चालते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात जगज्जेता झाला. त्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा आणि रायफलीची ताकद असते सात-आठ ज्यूलच्या आसपास. पोरं येतात ती मात्र ताकदीचे आकडे पाठ करूनच. "तात्या, बाराशे फुटाची हाय." हे बाराशे फूट म्हणजे छर्ऱ्याचा सेकंदाचा वेग. मी वहीचं पान काढतो. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.४५ ग्रॅमचा छर्रा १२०० फुटांनी, म्हणजे ३६६ मीटरनी सुटला तर ऊर्जा भरते ३० ज्यूल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याशिवाय जी एअरगन ठेवता येते तिचा छर्रा ०.१७७ इंचाहून, म्हणजे साडेचार मिलिमीटरहून मोठा नको आणि ताकद २० ज्यूलच्या वर नको. तेव्हा एक तर जाहिरात थापा मारतेय, किंवा वेग मोजायला पिसासारखा हलका छर्रा वापरलाय, किंवा ती बंदूक परवान्याशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे. तिन्हींपैकी काहीही असलं तरी ती घेण्यात अर्थ नाही. त्यात पुन्हा आवाजाच्या वेगाजवळ गेलेला छर्रा हेलकावे खातो आणि नेमाची वाट लागते. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा १८० ते २२० मीटरनी सुटला की ८ ते १२ ज्यूल मिळतात. दहा मीटरवर घुशीच्या डोक्यात बसला तर एवढे पुरतात. डोक्यात बसणार नसेल तर वीस ज्यूलनीही ती जखमी होऊन बिळात जाते, चार दिवस मरत राहते आणि मग वास सुटतो.

प्रकार निवडायला या पैशात फार वाव नाही. आधीच हवा भरून ठेवायच्या पीसीपी बंदुका नेमाला उत्तम, झटका जवळपास नाही. पण बंदुकीपाठोपाठ दोनशे बार दाबाचा पंप घ्यावा लागतो आणि बजेट तिथंच संपतं. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या सारख्या विकत आणाव्या लागतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात व डिसेंबरातल्या पहाटे त्यांचा दाब एकसारखा राहत नाही. राहिली नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक. विजेवाचून, पंपावाचून, वर्षानुवर्षं चालते.

पण तिची एक खोड आहे. चाप ओढला की आतला जड पिस्टन पुढं धावतो, त्यामुळं बंदूक मागं येते. पिस्टन टोकाला जाऊन थांबला की ती पुढं उसळी घेते. हे दोन्ही झटके छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत सुरू झालेले असतात. बंदूक गच्च आवळून धरली तर दर वेळी झटका वेगळ्या दिशेला वळतो आणि छर्रे पांगतात. डावा पंजा उघडा ठेवायचा, बंदूक त्यावर नुसती टेकवायची, दस्ता खांद्याला लावायचा पण दाबायचा नाही, आणि चाप ओढल्यावरही क्षणभर माशीवरची नजर काढायची नाही. सांगायला सोपं आहे. आपल्याकडे बहुतेकांची पहिली बंदूक जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवरची असते, आणि तिथं पोरगं ती सगळी ताकद लावून गालाशी आवळतं. ती सवय मोडायला वेळ जातो. स्वस्त दुर्बीण लावू नका म्हणतो तेही या झटक्यांमुळेच. पुढं येणारा झटका सोसेल अशा दुर्बिणी वेगळ्या असतात आणि महाग असतात; साध्या दुर्बिणीच्या आतली काच काही दिवसांत ढिली होते. दहा मीटरला माशी आणि खाच पुरेशी आहे.

आठ हजारांत बंदूक देशीच येणार, जर्मन डायनाचं नाव काढायचं नाही. खोल भोकं पाडायची यंत्रं बनवणाऱ्या प्रिसिहोलसारख्या कंपनीनं एअर रायफली काढल्यापासून देशी नळ्यांना नावं ठेवायचं कारण बरंच कमी झालंय. जुनी घ्यायची तर कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेली आय.एच.पी. सापडते. आय.एच.पी. म्हणजे इंडियन ह्यूम पाइप, वालचंद हिराचंदांची १९२६ ची कंपनी. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वालचंदनगर वसवलं ते हेच वालचंद. पाण्याचे सिमेंटी पाइप बनवणाऱ्या या कंपनीनं एअर रायफलीही बनवल्या. त्या बंदुका जड आहेत, दिसायला ओबडधोबड आहेत, पण स्प्रिंग आणि वॉशर बदललं की पुन्हा कामाला लागतात. जुनी बघताना नळी मोडून आडवी हलवून पाहायची. सांध्यात खेळ असेल तर परत ठेवायची, मग किंमत काही का असेना.

दुकानदार फळीत छर्रा घुसवून दाखवतो. त्याला म्हणावं, कागद लाव. दहा मीटरवरून, टेकू घेऊन, पाच छर्रे. पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले तर घ्या. मात्र अगदी नव्या बंदुकीच्या स्प्रिंगला आणि वॉशरला बसायला शे-दोनशे छर्रे लागतात, तेवढी सूट द्यावी. आणि दोन-तीन कंपन्यांचे छर्रे लावून बघावे. एकाच नळीला एक छर्रा मानवतो, दुसरा मानवत नाही. गोदामासाठी मी सपाट तोंडाचेच वापरतो. अणकुचीदार छर्रा आरपार जाऊन पुढं काय फोडेल सांगता येत नाही. सगळे आठ हजार बंदुकीत घालू नयेत. सहाची घ्यावी, उरलेल्यात छर्रे, डोळ्याला चष्मा आणि कागदाचे गठ्ठे. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही. पुढं हवेची गादी नसली की पिस्टन थेट टोकावर आदळतो. नळीमागच्या भोकात तेल सोडायचं नाही; ते दाबाखाली पेट घेतं, धूर निघतो, बार जोरात वाजतो. पोरांना तो फार आवडतो. वॉशर त्यातच जळतं.

गोदामात चाप ओढण्याआधी मी घुशीकडे कमी आणि तिच्या मागं काय आहे तिकडं जास्त बघतो. पत्रा असेल तर छर्रा परत येतो. सिमेंटचा कोबा असेल तर तिरका उडतो. पाण्याची पाइप, विजेची वायर, जाळीपलीकडची कोंबडी. म्हणून घुशींच्या वाटेच्या टोकाला मातीनं भरलेली पोती रचून ठेवलीत आणि मारायचं ते फक्त त्या पोत्यांच्या दिशेनं. ती तिथवर येत नसेल तर त्या रात्री बंदूक खाली. खाद्याच्या थप्पीकडे कधीच नाही, कारण शिशाचा तुकडा पेंडीत गेला की पुढं कोंबडीच्या पोटात जातो, आणि शिसं विषच आहे. सकाळी पोत्यांतले छर्रे वेचून डब्यात टाकतो. हे ऐकून एक जण म्हणाला, "तात्या, एवढं करायचं तर मांजर काय वाईट?" मी म्हटलं, मांजर आधी पाळ.

बंदूक आणि छर्रे वेगवेगळ्या कपाटांत, दोन्हींना कुलूप. परवाना लागत नाही म्हणून पोरांना ती खेळणं वाटते. डोळा जायला सात ज्यूलसुद्धा फार झाले. आणि ती कुणाला उसनी द्यायची नाही. याच नियमावर सगळ्यांत जास्त जोर येतो, कारण मागायला येणारा भाऊबंद असतो, खत-बियाण्याला मदत केलेला असतो. "नुसती दोन दिवस द्या, मारीत नाही, घाबरवतो फकस्त." मोर हरभऱ्यात आलेले असतात, नाहीतर वानरं. कायद्याचं सांगितलं तर त्याला वाटतं, तात्या लई शाना झालाय. म्हणून मी वाद घालत नाही. वॉशर गेलंय म्हणून सांगतो, गोफण देतो, चहा पाजतो. गेली कित्येक वर्षं माझ्या बंदुकीचं वॉशर नेमकं शाळू हुरड्यात आला की जातं.