दगडांशी सलगी

एखाद्या माणसाचं नाव इतिहासात एका दुपारमुळे राहतं, आणि ती दुपार जवळून पाहिली की तिच्या पोटात त्याची सगळी उमेदीची वर्षं दिसतात. मॅथ्यू हेमन या ऑस्ट्रेलियन सायकलपटूच्या आयुष्यातली ती दुपार 10 एप्रिल 2016 ची. त्या दिवशी तो पॅरिस–रूबे जिंकला. अडतीस पूर्ण व्हायला दहा दिवस उरले होते.

सायकलशर्यत म्हटलं की आपल्याला टूर द फ्रान्स आठवते. तीन आठवड्यांच्या त्या शर्यतीत आज गमावलेली मिनिटं उद्याच्या घाटात भरून काढायची आशा असते. एकदिवसीय शर्यतीला असा उद्या नसतो. नको त्या वळणावर चाक पंक्चर झालं, पुढचा पडला आणि त्याच्यावर आपण पडलो, तर वर्ष गेलं. पुढची संधी पुढच्या वसंतात. तरीही काही जण या शर्यतींवरच जीव लावतात. अशा एका दिवसासाठी हिवाळाभर झिजायचं, आणि तो हुकला की पुन्हा हिवाळ्याला भिडायचं, याला फार मोठी छाती लागते असं मला वाटतं.

त्यातही पॅरिस–रूबे ही सगळ्यांत कठोर. 1896 पासूनची ही शर्यत आता पॅरिसऐवजी उत्तरेकडच्या काँपिएन्यमधून सुटते आणि बेल्जियमच्या सीमेलगत रूबेच्या सायकल-मैदानात संपते. 2016 साली अंतर होतं 257.5 किलोमीटर. त्यात शेतांमधून जाणारे दगडी फरसबंदीचे 27 पट्टे, मिळून बावन्न किलोमीटरांहून जास्त. दगड ओबडधोबड, कडा झिजलेले, मधल्या फटी उघड्या. रस्त्याचा मध्य फुगलेला, दोन्ही बाजू गाड्यांच्या चाकांनी दबलेल्या. कोरड्या दिवशी धूळ, ओल्या दिवशी चिखल. हँडल आवळून धरलं की हादरे मनगटातून खांद्यापर्यंत चढतात, म्हणून हात सैल ठेवावे लागतात. वेग कमी केला तर चाक फटीफटीत अडखळतं. वेगात असलं तर दगडांच्या माथ्यांवरून निघून जातं. जिथे जिवाला भीती वाटते, नेमका तिथेच पायांनी जोर लावायचा. हे कुणी सांगून येत नाही. त्या दगडांनीच ते शिकवावं लागतं.

या वाटेवरचा आरेनबेर्गच्या जंगलातला सरळ, अंधारा पट्टा 1968 मध्ये शर्यतीत आला. तो सुचवला जाँ स्ताब्लिन्स्कीने. जगज्जेता सायकलपटू होण्याआधी त्याने तिथल्याच कोळशाच्या खाणीत काम केलं होतं. ज्या जमिनीच्या पोटात घाम गाळला, तिच्याच पाठीवरून तो नंतर सायकल घेऊन गेला. रूबेचा रस्ता असा कष्टकऱ्यांच्या मुलखातून जातो, आणि मला वाटतं, त्याला कष्टाची पारख आहे.

हेमन 2000 साली राबोबँक संघातून व्यावसायिक झाला. त्याचं काम ठरलेलं: संघाच्या म्होरक्यासाठी वारा अंगावर घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या, दगडी पट्टा येण्याआधी त्याला घोळक्याच्या पुढच्या टोकाला नेऊन पोचवायचं. आपल्याकडे गायकाच्या मागे तानपुरा घेऊन शिष्य बसतो. मैफल त्याची नसते, पण प्रत्येक जागा त्याच्या कानावरून जाते. हेमन असाच वर्षानुवर्षं रूबेच्या मैफलीत मागे बसला. कुठला पट्टा डावीकडून घ्यायचा, कुठल्या वळणानंतर वारा आडवा येतो, दमलेला प्रतिस्पर्धी कसा बसतो, हे सगळं दुसऱ्यासाठी राबता राबता त्याच्या अंगात मुरत गेलं. 2012 मध्ये तो आठवा आला. 2016 पर्यंत त्याहून वरचा क्रमांक त्याला मिळाला नव्हता.

2016 च्या फेब्रुवारीअखेरीस बेल्जियममधल्या एका शर्यतीत तो पडला आणि हात मोडला. रूबे सहा आठवड्यांवर. हंगाम संपला असंच कुणीही म्हटलं असतं. त्याने गॅरेजमध्ये सायकल एका जागी बसवली आणि प्लॅस्टरमधला हात सांभाळत पाय चालू ठेवले. समोर रस्ता नाही, वारा नाही, टाळी नाही. त्या भिंतीपुढच्या तासांचं मला त्याच्या विजयाइतकंच मोल वाटतं.

शर्यतीच्या दिवशी तो लवकरच एका मोठ्या टोळक्याबरोबर पुढे निघाला. मागच्या पडापडीत फाबियान कान्सेलारा आणि पीटर सागान अडकले. अखेरीस पुढे पाच जण उरले: टॉम बोनेन, इयन स्टॅनर्ड, सेप व्हानमार्के, एडवाल्ड बोआसन हागेन आणि हेमन. बोनेनने आधी चार वेळा रूबे जिंकली होती; पाचवी मिळाली असती तर तो विक्रम ठरला असता. कार्फूर द लार्ब्रच्या पट्ट्यावर हेमन मागे पडला. दगड संपल्यावर तो पुन्हा येऊन भिडला. कितीही वार झेलून न मोडणारी माणसं असतात, तसा तो भिडला. मैदानाच्या शेवटच्या फेरीत, जिथे सगळे एकमेकांकडे बघत थांबतात, तिथे त्याने आधी झेप घेतली आणि बोनेनला मागेच ठेवलं. रेघ ओलांडल्यावरचा त्याचा चेहरा मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. त्यावर आनंदाच्या आधी अविश्वास आहे.

रूबेत पंधराव्यांदा उतरलेला माणूस त्या दिवशी जिंकला. याला नशीब म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. नशिबाने दुसऱ्यांची सायकल घसरवली असेल, पण तुटलेल्या अंतरातून परत येण्याची ताकद आणि शेवटच्या फेरीतली ती नेमकी घाई नशीब देत नाही. ती त्याने पंधरा वेळा त्याच दगडांवरून जाऊन कमावली होती, आणि त्यातली बहुतेक वर्षं दुसऱ्याच्या विजयासाठी खर्ची पडली होती.

पुढच्या वर्षी विजेता म्हणून तो पुन्हा रूबेला गेला, अकरावा आला, आणि 2019 च्या जानेवारीत निवृत्त झाला. एवढ्या लांब कारकिर्दीत एवढा मोठा विजय एकच. ज्यांना हा हिशेब तोट्याचा वाटतो, त्यांनी आपल्या घरातल्या, कचेरीतल्या, शाळेतल्या त्या माणसांकडे बघावं, जी वर्षानुवर्षं तेच काम मन लावून करतात आणि जिंकण्याची वाट न पाहता तयार राहतात. हेमनला त्याचा दिवस मिळाला म्हणून त्याची आधीची वर्षं सार्थकी लागली, असं मी मानत नाही. तो दिवस आला नसता तरी ती वर्षं तेवढीच खरी होती. आणि ती तशी खरी होती, म्हणूनच दिवस आला तेव्हा तो त्याला पेलता आला.