हजेरीची वही

जुने शहरातील आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पाटावर एक जुनी वही मांडली जात असे. मोडीतली, हातकागदाची, कडा वाळवीने खाल्लेली. आमच्या खापरपणजोबांनी वऱ्हाडात आगगाडी आणली, अशी घरातली दंतकथा. आणि ही वही तिचा पुरावा. मोडी शिकण्याचा आळस आम्ही चाळिशीपर्यंत टिकवला, त्यामुळे दंतकथाही टिकली.

आगगाडी कोणी आणली, हे तसे सर्वश्रुत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा करार 1849चा. भागधारकांना पाच टक्क्यांची सरकारी हमी. नफा कमी पडला, तर भरपाई इथल्या महसुलातून. 1853 साली मुंबई-ठाणे गाडी धावली, त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861ला अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरला आमच्या कापसाची आठवण झाली. 1867 साली रूळ अकोल्यावरून नागपूरला पोचले. स्टेशन मात्र मोर्णेच्या पलीकडे. नवे अकोला तिकडे वाढत गेले, किल्ला आणि राजेश्वर अलीकडे राहिले.

कंपनीचे कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. या व्यवहारातील बड्या माणसांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. भोर घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली येथे येताच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले, हेही आपण कौतुकाने वाचतो. त्या घाटात 1861च्या आरंभी बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. त्यांचा फक्त आकडा उरला. 1859 साली तिथे मजुरीवरून दंगा झाला. पुढच्याच वर्षी मालक-मजुरांच्या तंट्यांचा कायदा आला. त्याने थकलेली मजुरी मागायला मॅजिस्ट्रेटचे दार उघडले खरे, पण काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली.

हे सारे आम्ही वर्गात मोठ्या आवेशाने शिकवत आलो. मग मोडी वाचू लागलो.

खापरपणजोबा एका पोटकंत्राटदाराकडे हजेरी-कारकून होते. वहीत शके 1787च्या मातीकामाची हजेरी आहे. रकाने असे : गाव, असामी, बायका, पोरे, रोज, पैकी दस्तुरी, बाकी. असामींपुढे कुठे कुठे नाव आहे. बायका-पोरांपुढे केवळ अंक. दस्तुरी दर रुपयामागे एक आणा, आणि पानाच्या तळाशी त्या आण्यांची बेरीज वेगळ्या, अधिक काळजीच्या अक्षरात. शेवटच्या पानांवर चुना, सागवान, गवंडी असा खर्च येतो. तो रेल्वेचा नव्हे. तो आम्ही ज्या माडीवर बसून वाचत होतो तिचा आहे.

दीडशे वर्षांचे हळदीकुंकू नेमके त्या बेरजांवर वाळले आहे.

गेल्या दिवाळीला वही पाटावर ठेवायची की नाही, असा प्रश्न आम्ही घरात काढला. धाकट्या भावाला तो अभद्र वाटला. त्या काळी सगळेच दस्तुरी घेत, हे त्याचे म्हणणे चुकीचेही नाही. आत्याबाई वाती वळत होत्या. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘अन् बाया किती होत्या रे त्याच्यात?’’

आम्ही मोजले नव्हते. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त टळेपर्यंत आम्ही दोघे पानामागून पान उलटत बसलो. त्या दर पानाचा आकडा मोठ्याने म्हणत आणि एकेक वात तबकात ठेवत.