फॉर्मात नसलेला प्रश्न

सरकारी कचेरीत वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. माहिती नेहमी खालून वर जाते. पंचायतीकडून तालुक्याला, तालुक्याकडून जिल्ह्याला, तिथून खात्याला... प्रत्येक पायरीवर तिच्यावर एक शिक्का बसतो आणि शेवटी ती कुठल्यातरी तक्त्यात जाऊन गप्प झोपते. ज्याच्याकडून ती घेतली, त्याच्या दारात ती परत गेल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला कारकून. वैद्यकशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही आज आरोग्याच्या संशोधनावर लिहायला बसलो आहे. त्याला कारण हा वर जाणारा कागद आणि चिंताकी नावाचं एक गाव.

आम्हा गोवेकरांना कलबुर्गी जिल्हा माहीत असतो तो गाणगापूरमुळे, आणि बीदर माहीत असलाच तर माणिकनगरच्या माणिकप्रभूंमुळे. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे ही दोन्ही ठिकाणं करून पुढे चिंताकीला गेलो. बरोबरच्या स्नेह्याची मावशी तिथे असते. गाव बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातलं, महाराष्ट्राची हद्द तिथून जवळच. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि औराद मागे राहिला. रेषा कागदावर पडली, पण जिभेवर काही पडली नाही. तिथे एकाच ओसरीवर मराठी, कानडी, दखनी उर्दू अशा तिन्ही भाषा एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या असतात.

जेवणं झाल्यावर मावशी बोलता बोलता म्हणाल्या, "मागं दोन पोरी आल्या होत्या, डागदरकी शिकणाऱ्या. लई गुणाच्या हो पोरी. घरात माणसं किती, पाणी कुठलं, बाळंतपण कुठं झालं, समदं इचारलं. म्या समदं सांगितलं. मग म्हणलं, बाई, आता तुमी एक सांगा. आमच्या सुनंच्या अंगात सारखं रगत कमी का ऱ्हातं? तर एकमेकींकडं बघाय लागल्या. म्हणल्या, आजी, ते आमच्या फारमात न्हाई."

आम्ही हसलो. मावशीही हसल्या. पण परतीच्या वाटेवर ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. फॉर्म इंग्रजीत छापलेला, प्रश्न कानडीत विचारलेला, उत्तर मराठीत दिलेलं आणि पुन्हा इंग्रजीत लिहून घेतलेलं. एवढ्या सरहद्दी ओलांडून जे शेवटी वहीत पोचलं असेल, त्यात सुनेचं रक्त नव्हतंच. त्या पोरी कुठल्या कॉलेजच्या होत्या, मावशींना ठाऊक नव्हतं. मला त्यांना दोष द्यायचा नाही. शिकणाऱ्या मुलांना मुदतीत प्रबंध पुरा करायचा असतो, विषय मार्गदर्शकाने ठरवून दिलेला असतो आणि प्रश्नावली आधीच मंजूर झालेली असते. पण माझ्या मनात आलं, ज्या संशोधनाचा उपयोग शेवटी त्या सुनेला व्हायचा, त्यात तिला काय विचारायचं आहे, हे कोणी कधी विचारणार की नाही?

या प्रश्नाशी आपल्या मराठी मुलखात काही माणसं फार आधीच झगडली आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 पासून गडचिरोलीत आहेत. त्यांच्या 'सर्च' संस्थेने सुरुवातीच्या काळात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. आजार खराच होता आणि अभ्यासही चोख होता. पण तो प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता, संशोधकांना पडलेला होता. डॉ. बंग पुढे स्वतःच हे मोकळेपणाने सांगत आले आहेत. लोकांवर केलेलं संशोधन वेगळं आणि लोकांबरोबर केलेलं वेगळं, हा धडा त्यांनी तिथे घेतला. आदिवासींना विचारलं तेव्हा ते म्हणाले की मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची आम्हाला भीती वाटते. मग शोधग्राममधला दवाखाना आदिवासी पाड्यासारखा, झोपड्या-झोपड्यांचा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं.

कधीकधी तर नुसता प्रश्न विचारण्यानेच केवढी दारं उघडतात! राणीताईंनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले. शंभरातल्या 92 जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. म्हणजे दुखणं घरोघर होतं. ते कुणाच्या तक्त्यात नव्हतं, एवढंच.

मला स्वतःला सगळ्यात भावतो तो त्यांचा श्वास मोजण्याचा मणी. तान्ह्या मुलाला न्यूमोनिया झाला की त्याचा श्वास जलद चालतो. मिनिटाला किती श्वास, यावरून ओळखायचं. पण गावची सुईण शिकलेली नाही, तिला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही. आता एखादा म्हणाला असता की हिच्या हातून हे व्हायचं नाही, डॉक्टरच हवा. यांनी सुईण बदलली नाही, मोजमाप बदललं. एक वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर बाळ आजारी. तीच ती सुईण, पण आता तिच्या हाताला शास्त्र पेलत होतं.

पुढे 39 गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. 1999 साली त्याचे आकडे आले. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 2011 साली केंद्र सरकारने ही पद्धत देशभर 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामात घातली. आज चिंताकीतल्या एखाद्या घरी बाळाच्या तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आशाताई येऊन वजन करते, ताप बघते. हे गडचिरोलीतल्या कुठल्याशा झोपडीत ठरलं, हे त्या बाळाच्या आजीला माहीत नसतं. आणि बहुधा आशाताईलाही नसतं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे, म्हणजे रक्ताकडे येतो. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही. यावरचं एक मोठं काम आपल्या शेजारच्या बेळगावात झालेलं आहे. बेळगावला आम्ही गोवेकर खरेदीला जातो, दवाखान्यासाठी जातो, पण हे काम आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत हा अभ्यास केला. डॉ. कोडकणी, डॉ. गौडर ही त्यातली नावं. खेड्यात बाळंतपण करते ती नर्सबाई. रक्तस्राव थांबवायचं नेहमीचं औषध इंजेक्शनचं, तेही थंड ठेवावं लागणारं. तिच्या पिशवीत ते टिकायचं कसं? म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या साध्या गोळ्यांचा अभ्यास झाला. 1620 बाळंतपणं पाहिली गेली. गोळ्या दिल्या तिथे जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 साली हे प्रसिद्ध झालं आणि 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ते औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

यात माझं लक्ष गेलं ते नर्सबाईंकडे. गोळ्या त्यांनी दिल्या आणि रक्त त्यांनी मोजलं. ते मोजायला मापाच्या खुणा असलेली एक प्लास्टिकची पिशवी होती. बाळंतिणीच्या खाली अंथरायची, की किती रक्त गेलं ते खुणेवर दिसतं. नजरेच्या अंदाजावर सोडायचं काम नाही. जी बाई उद्या ते औषध वापरणार होती, तिच्याच हातून ते तपासलं गेलं. म्हणून ते वापरलं जाण्याची शक्यताही वाढली.

आणि आमच्या गोव्यात? पर्वरीला 1996 पासून 'सांगात' ही संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी. सांगात म्हणजे कोंकणीत सोबत. तुकोबांच्या मराठीतला सांगाती तो हाच. मनाच्या आजारांवर त्यांनी गोव्यातल्या 24 दवाखान्यांत मोठा अभ्यास केला. तो 2010 साली प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणाऱ्या होत्या इथल्याच मुली. त्या डॉक्टरही नव्हत्या आणि मानसोपचारतज्ज्ञही नव्हत्या. आपल्याकडे 'मला नैराश्य आलं आहे' असं सांगत कोण येतो? माणूस येतो तो झोप लागत नाही, अंग मोडून आलं आहे, टेन्शन आहे म्हणत. त्या मुलींना ही भाषा शिकवावी लागली नाही, ती त्यांच्या घरचीच होती. सरकारी आरोग्य केंद्रांत या सोबतीने सहा महिन्यांत बरे झालेले शंभरात 66 निघाले. जिथे ती नव्हती तिथे 42-43.

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सगळे प्रश्न लोकांकडूनच येतील असं नाही. मापाची पिशवी हवी, असं कुठली बाळंतीण सांगणार होती? दोन गट करून तुलना करायची हे डॉक्टरलाच सुचणार, आणि ते त्यालाच शिकवावं लागणार. पण दुखणं कुठे आहे आणि औषध घरात पोचताना कुठे अडतं, हे चुलीपाशी बसलेल्या बाईलाच जास्त कळतं. दोघांनी आपापलं ज्ञान ओट्यावर मांडायचं, यालाच भागीदारी म्हणतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच केलं. तिथे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, त्यातल्या कित्येक निरक्षर, बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना शिकवत आल्या आहेत. पदवीधर खाली बसलेला आणि शिकवणारी लुगड्यातली बाई! आमच्या शिक्षणात हे एकदा जरी घडलं, तरी माणूस जन्मभर नीट प्रश्न विचारेल असं मला वाटतं.

मी काही तज्ज्ञ नव्हे, पण फॉर्मांशी माझा जन्माचा संबंध. म्हणून शिकणाऱ्या मुलामुलींना कारकुनी बुद्धीच्या तीनच गोष्टी सुचवतो. फॉर्म छापायच्या आधी तो गावातल्या चार बायकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. शेवटी एक ओळ कोरी ठेवा, 'तुम्हाला काय विचारायचं आहे?' एवढीच. आणि प्रबंध पुरा झाला की एक दिवस गावात परत जा. देवळासमोर बसून सांगा, तुम्ही हे सांगितलंत, त्यातून आम्हाला हे कळलं, आणि हे अजून कळलेलं नाही. याला अनुदान लागत नाही. बसभाडं लागतं.

आणि वाचकहो, आपल्यासाठीही एक गोष्ट. उद्या तुमच्या दारात कोणी वही घेऊन उभं राहिलं, तर त्याला हाकलू नका. पाणी द्या, सगळी उत्तरं द्या. मग तुमच्या मनातला एक प्रश्न त्याला विचारा. तो म्हणाला की ते फॉर्मात नाही, तर सांगा, समासात लिही बाबा. समासात जागा असतेच.