कुर्डीची मैफल

त्या दिवशी सकाळी आमच्या घरच्या नळाला पाणी तासभर उशिरा आले आणि मी बराच वेळ चिडचिड करीत राहिलो. ही गोष्ट मुद्दाम सांगावी अशी नव्हे. परंतु त्याच संध्याकाळी जे अनुभवले, ते तिच्यावाचून पुरते सांगता येणार नाही.

गेल्या वैशाखात सांगे तालुक्यातील कुर्डी येथे, साळावली नदीच्या काठी, उघड्या आकाशाखाली गाण्याची बैठक ठरली होती. प्रवेश सर्वांना मुक्त होता. गाण्याची गोडी असलेले आमच्या शाळेतील चार विद्यार्थी बरोबर घेऊन मी दुपारीच मडगावहून निघालो. वाटेत एकाने शंका काढली, “सर, तिकीट खरेच नाही?” मी म्हणालो, “नाही रे, अगदी फुकट!”

कुर्डी हे गाव वर्षातील बहुतेक दिवस पाण्याखाली असते. दक्षिण गोव्याला पाणी मिळावे म्हणून साळावलीवर धरण बांधण्याचे ठरले. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन ही गोष्ट समजावून गेले होते, अशी आठवण वृद्ध मंडळी अजून सांगतात. पुढे कुर्डीकरांनी वाडे व वालकिणी येथील वसाहतींत बिऱ्हाडे हलविली आणि 1986 च्या सुमारास गाव जलाशयात गेले. येथले प्राचीन महादेवाचे देवालय दगडांवर दगड उतरवून दुसरीकडे नेऊन उभारण्यात आले. घरांना मात्र ते भाग्य लाभले नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ती आपल्या उघड्या जोत्यांनिशी वर येतात. मग सोमेश्वराच्या उत्सवाला हिंदू आणि चॅपेलच्या फेस्ताला ख्रिस्ती, असे जुने गावकरी चार घटकांसाठी आपल्या गावी येतात आणि पावसाबरोबर गाव पुन्हा नाहीसे होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. पायांखाली भेगाळलेला चिखल, जागोजाग माडांचे काळे पडलेले बुंधे, जांभ्या दगडाच्या भिंतींचे थर आणि मधूनच एखादे तुळशीवृंदावन. पलीकडे नदीची बारीकशी धार आपल्या जुन्या वाटेने वाहत होती. सपाट जागा पाहून फळ्यांचा मंच घातला होता व पुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. पुढची जागा धरावी म्हणून मी मुलांना घाईने तिकडे नेऊ लागलो. पाहतो तो सतरंज्यांवर आमच्यासारखे शहरातून आलेले लोक तेवढे बसलेले. गावकरी कोठे दिसेनात.

थोड्या वेळाने ते दिसले. मंचापासून दूर, वेगवेगळ्या जोत्यांवर ते आपापल्या कुटुंबांसह बसले होते. असेच एक जोते ओलांडताना एका वृद्ध बाईंनी मला हाक मारली, “मास्तर, बसात हांगा. हो आमचो सोपो.”

सोपा म्हणावे असे तेथे काही उरले नव्हते. दोन पायऱ्या होत्या आणि हातभर उंचीची भिंत होती. तरीही त्यांनी पदराने दगड पुसला आणि घरी आलेल्या पाहुण्याला बसवावे तसे आम्हांला बसविले. “इतक्या दुरून गाणे ऐकू येईल का?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, लहानपणी देवळातले गाणे त्या येथूनच ऐकत असत; आता पुढे जाऊन कशाला बसायचे? नव्या घराविषयी विचारता म्हणाल्या, घर चांगले आहे, पण ऐन उन्हाळ्यात नळ कोरडा पडतो. हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. मला मात्र माझी सकाळ आठवली आणि मी खाली पाहिले.

गायिकेने पूरिया धनाश्री आरंभिला. ही जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी. आणि त्या घराण्याच्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर 1904 मध्ये याच गावी जन्मल्या. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम त्यांनी कष्टाने मिळविली, ती विद्या कन्या किशोरी आमोणकर यांना दिली आणि 1974 मध्ये पद्मभूषण झाल्या. 2001 मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा गाव पाण्याखाली जाऊन सुमारे पंधरा वर्षे लोटली होती. गाव बुडाले, पण त्याचे नाव त्यांच्या नावात राहिले.

झाडोरा नसलेल्या त्या मोकळ्या पात्रात स्वर आश्चर्य वाटावे इतका दूर जात होता. मध्येच टिटवी ओरडे, मध्येच वाऱ्याने शब्द पुसट होत. पण समेवर येताच या जोत्यावरून त्या जोत्यावर माना हलत. वृद्ध बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचा हात भिंतीच्या दगडावर हलकेच ताल धरीत होता. अंधार दाटू लागला तेव्हा भैरवी झाली. कोणी टाळ्या वाजविण्याची घाई केली नाही. जोत्याजोत्यांवर विजेऱ्या लागल्या आणि क्षणभर वाटले, गावात दिवेलागण झाली आहे.

निघताना मी बाईंना नमस्कार केला. “परतून येयात,” त्या म्हणाल्या, जणू ते घर वर्षभर तेथे असणारच होते.

गाडीत बसल्यावर मी त्या विद्यार्थ्याला म्हणालो, “मघाशी तुला चुकीचे उत्तर दिले. मैफल फुकट नव्हती. तिचे मोल आपल्या जन्मापूर्वीच कोणी तरी चुकते केले आहे.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नळाला पाणी उशिराच आले. कळशी भरेपर्यंत मी निमूट उभा राहिलो. आणि भरताच, एक थेंबही वाया न जाऊ देता, तोटी घट्ट बंद केली.