पायाची वर्गणी

वर्गणी मागावयास आलेला मनुष्य दाराच्या भोंकांतूनच ओळखूं येतो. त्याच्या बगलेंत पावती-पुस्तक असतें, चेहऱ्यावर किंचित् अपराधी हास्य असतें, आणि घंटा वाजवून तो दारापासून दोन पावलें मागें सरून उभा असतो. हें मी खात्रीनें सांगूं शकतों; कारण आयुष्याचीं पहिलीं साठ वर्षें मीं त्या भोंकाच्या आंतल्या बाजूस काढलीं, आणि गेलीं सहा वर्षें मी बाहेरच्या बाजूस उभा आहें. गणेशोत्सवाच्या मंडळांना आणि वाचनालयांच्या चिटणिसांना "साहेब घरीं नाहींत" हा निरोप मीं बंद दाराआडून स्वतःच, स्वतःच्या आवाजांत, दिलेला आहे. तेव्हां आज सदाशिव पेठेंतलें एखादें दार माझ्या तोंडावर मिटलें, तर जुनें देणें फिटल्याचेंच समाधान मला वाटतें.

मी वर्गणी मागतों ती पायांसाठीं. आमची एक लहानशी समिती आहे. अपघातानें, मधुमेहानें किंवा अन्य कशानें पाय गमावलेल्या गरिबांना ती कृत्रिम पाय बसवून देते. शाळेंतून निवृत्त झाल्यावर एका स्नेह्यानें मला तींत ओढलें, आणि पाहतों तों ही वर्गणी सर्वांत सोपी! गणपतीच्या वर्गणीला लोक हिशेब विचारतात, वाचनालयाच्या वर्गणीला 'हल्लीं वाचतो कोण?' असें विचारतात. पण पाय म्हटला कीं प्रश्नच खुंटतो. शिवाय माझ्याजवळ एक छायाचित्र होतें.

तें छायाचित्र मंडईंतल्या एका लिंबूवाल्याचें. मालमोटारीखालीं सांपडून त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पांच वर्षांपूर्वीं आमच्या शिबिरांत त्याला नवा पाय मिळाला, आणि पहिलें पाऊल टाकतांना त्याच्या मुद्रेवर जें हंसूं फुटलें तें कोणीं तरी नेमकें टिपलें. आमच्या विनंतिपत्रकावर तेंच छापलें. त्याखालीं 'एक पाय द्या, एक संसार उभा करा' असें वाक्य होतें. तें वाक्य माझें. तें सुचलें त्या दिवशीं मीं तें घरांत तीनदां वाचून दाखविलें होतें.

लिंबूवाल्याला मिळाला तो जयपूर पाय. त्या पायाची हकीकत मी दारोदार सांगत असें, आणि अजूनहि ती सांगतांना मला कंटाळा येत नाहीं. पूर्वीं मिळे तो परदेशी धर्तीचा पाय बुटांत दडविण्यासाठीं घडविलेला असे. आपल्याकडे माणूस अनवाणी चालतो, चिखलांत उतरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, याची त्या पायाला दादच नव्हती. रामचंद्र शर्मा नांवाचा कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यविशारद, या दोघांनीं १९६८ सालीं जयपुरांत रबर आणि लाकूड यांचा असा पाय सिद्ध केला, कीं तो वांकतो, पाण्यांत भिजला तरी चालतो आणि दिसतोहि पायासारखाच. पुढें १९७५ सालीं देवेंद्र राज मेहता यांनीं तेथें संस्था काढून तो गरिबांना फुकट देण्याची सोय केली. सेठींना १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. शर्मांचें नांव मात्र मी सांगेपर्यंत बहुतेक दारांत कोणीं ऐकलेलें नसतें. लिंबांच्या ढिगामागें दिवसभर जमिनीवर बसणाऱ्या माणसाला मांडी घालतां येणें म्हणजे काय, हें मात्र कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं. त्या एका चित्रावर मीं किती पावत्या फाडल्या याची गणती नाहीं.

मंडईचें खातें आमच्या घरीं माझ्याकडे नाहीं, त्यामुळें त्याची माझी गांठ पुढें पडली नव्हती. गेल्या आषाढांत लोणच्याच्या लिंबांसाठीं मला धाडण्यांत आलें. त्याच्या जागीं त्याची बायको बसली होती. "ते घरींच असतात आतां," एवढेंच ती म्हणाली. मी पत्ता विचारून गेलों.

खोलींत शिरतांच प्रथम दिसला तो पाय. भिंतीवरच्या खुंटीला, छत्रीच्या शेजारीं, तो टांगलेला होता. मालक कुबडी घेऊन उठूं लागला. मीं त्याला बसविलें. मग त्यानें तो पाय काढून, एखाद्या जुन्या हत्याराविषयीं बोलावें तसें, मला सर्व दाखविलें. तुटलेल्या पायाचा उरलेला भाग कालांतरानें आक्रसतो; म्हणून ज्या खोबणींत तो बसवायचा ती सैल पडली. तिच्यांत त्यानें चिंध्या कोंबल्या. चिंध्यांनीं घासून जखम झाली. त्यांतच पट्टा तुटला, आणि चवड्यापाशीं रबराला चीर गेली. एक वर्ष तो असा रेटीत होता.

"मास्तर, पाय झ्याक होता," तो म्हणाला. "चार वर्सं चालला. चप्पल तरी चालते का एवढी?"

"मग आम्हांला कळवायचें नाहीं का?"

"एकदां दिला तुमी. पुन्यांदा कोन मागायचं?"

माझ्या पिशवींत नव्या पत्रकांचा गठ्ठा होता. पिशवी कलंडली आणि वरचें पत्रक घसरून त्याच्यापुढें पडलें. त्यानें तें उचललें, पुष्कळ वेळ पाहिलें, आणि खुंटीकडे हात करून हंसत म्हणाला, "हा बसला, पर ह्यो अजून चालतोय कीं!"

त्याच्या आवाजांत टोमणा असता तर मला बरें वाटलें असतें.

त्याचा पाय महिन्याभरांत नीट झाला. तेवढ्यासाठीं सभा भरवावी लागली नाहीं. पण समितीची जुनी वही उघडली तेव्हां त्याच्यासारखीं नांवें पानेंच्या पानें निघालीं, आणि त्यांतल्या एकाच्याहि घरीं आम्ही पुन्हां गेलों नव्हतों. त्यांत लहान मुलें होतीं. मूल वाढतें, पाय वाढत नाहीं, हें समजावयास शल्यविशारद व्हावें लागत नाहीं. चाळीस वर्षें मुलांना शिकविलेल्या मास्तराला तर तें कळावयास हवें होतें. हिशेब पाहावा तों नवीन पायांसाठीं शिल्लक चांगली, दुरुस्तीच्या सदरीं शून्य. वडिलांच्या स्मरणार्थ पाय देणारे पुष्कळ असतात. वडिलांच्या स्मरणार्थ पट्टा कोणी देत नाहीं.

पत्रक बदलावें असा आग्रह मीं धरला. चिटणीस म्हणाले, "मास्तर, मोडका पाय दाखवून पैसे मिळत नसतात." त्यांचें म्हणणें अनुभवाचें होतें. मी नवीं पत्रकें घेऊन त्याच दारांवर गेलों, आणि ज्यांनीं पूर्वीं आंत बोलावून चहा दिला होता त्यांनींच उंबऱ्यावरून विचारलें, "अहो, मागें दिला होता ना आम्हीं पाय?" जणुं पाय म्हणजे विहीर, एकदां खणून दिली कीं झालें. मला त्यांचा राग करतां येईना. सहा वर्षें त्यांना 'एक पाय, एक संसार' हेंच मी शिकवीत आलों होतों, आणि त्यांनीं तें चांगलें पाठ केलें होतें.

परवां नारायण पेठेंत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका बाईंनीं दार उघडलें. आंत शिवणयंत्र होतें आणि खाटेवर ब्लाउजांचे तुकडे. माझें सर्व भाषण त्यांनीं दारांत उभ्यानें ऐकून घेतलें. जयपूरच्या हकीकतींत त्यांचें लक्ष नव्हतें. पट्टा म्हणजे कसला, केवढा रुंद, कोठें तुटतो, एवढेंच त्यांनीं विचारलें, आणि आंतून एकशें एक रुपये आणून दिले. मी पावती लिहूं लागलों तशा त्या वांकून पाहूं लागल्या.

"हें 'नवीन पायासाठीं' काय छापलें आहे?"

"पुस्तकें जुनीं आहेत, बाई."

"मग तें खोडा. दुरुस्तीचे पैसे दुरुस्तीलाच लागले पाहिजेत. मागाहून घोळ होतो."

मीं छापील अक्षरांवर रेघ ओढली आणि वर 'दुरुस्तीसाठीं' असें लिहून पावती दिली. त्यांनीं ती यंत्राच्या खणांत ठेवली व म्हणाल्या, "पुढल्या वर्षीं याच सुमारास या. तोंवर तो पट्टा पुन्हां तुटलेला असेल."