भुतांची पंगत

आमच्या धाकट्याने एका रात्री मला हलवून उठवले आणि कानाशी तोंड आणून म्हटले, "आई, स्वयंपाकघरात आजी आलीय."

मी उठून पाहिले. मांजर होते. दुधाच्या पातेल्यावरचे झाकण पाडून ते खिडकीतून पसार झाले. पण धाकट्याची समजूत पटेना. सासूबाई जाऊन तेव्हा तीन महिने होत आले होते, आणि तेव्हापासून हा आठ वर्षांचा मुलगा अंधारात पाणी प्यायलाही एकटा उठत नव्हता.

कारण मला ठाऊक होते. बाराव्याला आलेली एक शेजारीण ओटीवर बसून म्हणाली होती, "म्हातारेची इच्छा रवली. अशी माणसां घर सोडूक तयार नसतत." ती इच्छा कोणती हे घरात सगळ्यांना माहीत होते. शेवटच्या आठवड्यात सासूबाईंना शिरवाळे खावेसे वाटत होते. रक्तातली साखर वाढलेली, डॉक्टरांनी गोड बंद केलेले. "बऱ्या झालात की करू," असे मी म्हणत राहिले. त्या बऱ्या झाल्या नाहीत. शिरवाळ्यांचा लाकडी साचा माळ्यावर गेला, आणि मीही त्या माळ्याकडे मान वर करून पाहीनाशी झाले. धाकटा भीत होता हे खरे. पण त्या घरात भिणारा तो एकटाच नव्हता.

मी कादंबऱ्या लिहिते आणि शाळेत लहान मुलांना शिकवते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. मुलांच्या मनाचे शास्त्र मी काही शिकलेले नाही. पण मी वेंगुर्ले तालुक्यात वाढले. तिथे आरवलीचा वेतोबा आहे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. आमच्याकडे मात्र तो गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून त्याला नवसाच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात आणि केळ्यांचे घड देतात. ज्याचे भय वाटते त्याच्यापासून पळू नये, त्याच्या पायांची आणि पोटाची काळजी घ्यावी, हे आमच्याकडचे शहाणपण. मी म्हटले, तेच करून पाहू.

दिव्यांची अवस जवळ आली होती. २०२५ साली ती २४ जुलैला होती. मी मुलांना सांगितले, "अवसेच्या रात्री आपण भुतांना जेवायला बोलावू."

थोरली लगेच वही घेऊन बसली. पाहुण्यांची यादी आधी, पदार्थ मागून. पहिला मान मुंजाचा. 'मुंज्या' हा चित्रपट २०२४ साली आला, तेव्हापासून तो तिच्या वर्गात फार लोकप्रिय. त्याच्यासाठी भाताची उंच मूद आणि तिच्यावर कोथिंबिरीची शेंडी. चकवा माणसाला एकाच जागी गोल गोल फिरवतो, म्हणून त्याला चकली. गिऱ्हा पाण्यात राहतो, म्हणून आमसुलाच्या लालभडक सारात उकडीचे पांढरे गोळे सोडायचे आणि प्रत्येक गोळ्यात एक मिरा रोवायचा. ते गिऱ्ह्याचे डोळे. ह्यांनी वर्तमानपत्राआडून विचारले, "आणि बिटाची कोशिंबीर कुणाला?" धाकटा पहिल्यांदाच हसला. "ती नुसती ताटात सांडायची, बाबा!"

"आणि हडळीचे केस?" मी विचारले.

थोरली पेन्सिल चावत म्हणाली, "शिरवाळ्यांचे!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. धाकटा माझ्याकडे पाहू लागला. हे वर्तमानपत्राचे पान उलटायचे थांबले. मी म्हटले, "बरोबर. दुसऱ्या कशाचे होणार?" आणि ह्यांना साचा काढायला माळ्यावर चढवले.

अवसेला संध्याकाळपासून पाऊस धरला होता. सात वाजता वीज गेली. त्या रात्री तिची कुणाला गरजही नव्हती. दोन वाट्या तांदळाच्या पिठाची उकड काढली, मळून गोळे केले, उकळत्या पाण्यात सोडले. ते वर तरंगले की गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे; निवले की साचा हू की चू करीत नाही. हे दोघांचे काम. इतकी वर्षे सासूबाई पाटावर बसून खाली पान फिरवीत आणि मी वरून जोर लावी. त्या जागी आज कोण, असा विचार माझ्या मनात येतो न येतो तोच धाकटा केळीचे पान घेऊन पाटावर बसला. पांढऱ्या तारा पानावर उतरू लागल्या, तसा तो पान फिरवीत मोठ्याने म्हणाला, "हडळ म्हातारी आहे. केस पिकलेत तिचे."

गूळ आणि वेलची घातलेला नारळाचा रस तयार होता. कणकेचे गोड दिवे वाफवून निघाले होते. त्यांत तुपाच्या वाती लावून पानांभोवती मांडले. मुंजाची शेंडी भिंतीवर ताडाएवढी दिसू लागली. गिऱ्ह्याचा डोळा ह्यांनी असा काही गिळला, की थोरली किंचाळली आणि मग सगळेच हसत सुटले. तीन महिन्यांत त्या घरात इतका आवाज झाला नव्हता.

हसण्याच्या भरात धाकटा उठला. एक पान त्याने वेगळे मांडले. त्यावर मुंजा नाही, चकवा नाही. नुसते शिरवाळे वाढले, वर रसाच्या दोन वाट्या ओतल्या आणि मला विचारले, "आता तिला गोड चालतं ना गं?"

माझ्याने पटकन बोलवेना. हे म्हणाले, "आता चालतं."

ते पान त्याने स्वतः नेऊन मागच्या पडवीत ठेवले. अंधारात. एकट्याने. परत येऊन तो आपला कणकेचा दिवा विझवून तुपाबरोबर खाऊ लागला.

सकाळी पाऊस थांबला होता. पडवीतले पान रिकामे, अगदी पुसून घेतल्यासारखे. मांजर असेल, पहाटेचा कावळा असेल. मी चौकशी केली नाही. धाकटा ते पान हातात नाचवीत स्वयंपाकघरात धावत आला.

"आई, आजी आली होती!"

शब्द तेच होते. मी म्हटले, "पोटभर जेवली असेल," आणि शिरवाळ्यांचा साचा धुऊन, पुसून, हाताशी येईल अशा फळीवर ठेवला.