सहारच्या कठड्यापाशी

१९८१ साली मुंबईत सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं आणि परदेशातून येणाऱ्या माणसाला आणायला सांताक्रूझऐवजी सहारला जाऊ लागलो. तेव्हा एका माणसाला आणायला अख्खं घर निघायचं. श्रीवर्धन, महाड, रत्नागिरीकडची मंडळी जीप ठरवून दिवसाउजेडीच निघत. आखातातली आणि युरोपातली बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर उतरत, त्यामुळे विमानतळावर जाणं म्हणजे जागरण ठरलेलं. बाहेरच्या कठड्याजवळ चटया पसरल्या जात, डबे उघडत, आणि तासाभरात एका घरची चपाती दुसऱ्या घरच्या चटणीशी खाल्ली जाई.

ओळख व्हायला वेळ लागत नसे, कारण सगळेच सारखे अंधारात असत. हाती काय, तर महिन्यापूर्वीच्या पत्रात लिहिलेली तारीख आणि विमानाचा नंबर. विमान चार तास उशिरा येणार आहे हे सहारला पोचल्यावरच कळे. मग शेजारच्याला विचारायचं, "मस्कतचं उतरलं का हो?" तो सांगायचा आणि लगेच विचारायचा, "तुमचं कोण येतंय?" तिथून गप्पा कुठेही जात. मुलगा तिकडे काय करतो, किती वर्षांनी येतोय, लग्नाचं कुठवर आलंय, गावाकडे यंदा पाऊस कसा आहे. मुलुंडच्या काकू आणि मुरुडच्या खाला एकाच थर्मासमधला चहा घेत बसत.

दारातून ट्रॉली ढकलत येणारा पहिला उतारू सगळ्यांच्या हक्काचा असे. "कुठल्या विमानाचे?" त्यानं "जेद्दा" म्हटलं की जेद्दावाले उठून कठड्याला भिडत. सामान आलं का, कस्टमला गर्दी किती, हे तोच सांगणार. टू-इन-वन किंवा व्हीसीआर आणणाऱ्याला आत हमखास उशीर व्हायचा. बाहेर आई कासावीस झालेली असे, तेवढ्यात कोणी परका थांबून म्हणे, "निळा शर्ट, उंचसा? लाल चॅनलला उभा आहे, येईल आता." स्वतःचे नातलग समोर हात हलवत असताना दुसऱ्याच्या आईसाठी तो थांबलेला असायचा, हे मला आजही फार मोठं वाटतं.

या आपुलकीची खरी कसोटी १९९० मध्ये लागली. इराकनं कुवेत घेतलं आणि त्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणलं गेलं. बहुतेक विमानं अम्मानहून मुंबईला येत. आपला माणूस नेमक्या कुठल्या विमानात असेल हे घरच्यांना ठाऊक नसे. रिकाम्या हातानं बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं जाई, "आमच्याकडचं कोणी भेटलं का?" ज्याचा माणूस आला, त्याच्या घरचे मागे राहिलेल्यांना धीर देऊनच निघत.

१२ फेब्रुवारी २०१४ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी सहारच्याच नव्या टी-टू टर्मिनलमध्ये उतरू लागले. मोरपिसाच्या नक्षीचं उंच छत, 'जय हे' हा भव्य कलासंग्रह, सगळं अभिमान वाटावं असं. विमान अरबी समुद्रावर कुठे आहे तेही आता मोबाइलवर दिसतं. "उतरलो", "बॅग मिळाली", असे निरोप येतात, त्या हिशेबानं घर सोडायचं. कित्येक जण तर म्हणतात, "येऊ नका, मी कॅब करतो." थोडी माणसं थोडाच वेळ थांबतात आणि तेवढा वेळ आपापल्या स्क्रीनकडे बघतात.

जुनं सगळं परत यावं असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या आईनं रात्रभर फुटपाथवर बसणं, तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलवर महिने काढणं, यात सुख नव्हतं. आज ती नातवाला रोज व्हिडिओवर बघते, हे चांगलंच आहे. पण त्या अडचणीत माणसाला माणूस लागत असे, आणि अडचण गेली तशी ती ओढही कमी झाली, याची मला मनापासून हळहळ वाटते.

ओढ अजिबातच आटली आहे, असंही नाही. परदेशी सिमकार्ड घेऊन आलेला मुलगा बाहेर अडतो, वायफायसाठी ओटीपी हवा असतो आणि त्याचा इथला नंबर बंद पडलेला असतो. तो संकोचत म्हणतो, "एक फोन लावू का?" आणि तीन-चार हात एकदम पुढे येतात. फोन परत देताना तो कुठून आला, किती दिवस आहे, हे बोलणं आपोआप होतं. पूर्वी गरज बोलायला लावायची, आता आपण होऊन सुरुवात करायला हवी. शेजारी फुलांचा गुच्छ घेऊन उभ्या असलेल्या आजोबांना नात किती वर्षांची झाली एवढं विचारावं. ते सांगायला केव्हाचे उत्सुक असतात.